उडवीवरून पडल्यानंतर

सोन्या दुपारच्या आधीच जामसरला येऊन ठेपला आणि उज्ज्वलाला वाटलं, हा माणूस एक दिवस उशिरा आला असता तर याचं काय बिघडलं असतं?

सोन्या तलासरीकडचा, गौतमच्याच बोटीवरचा खलाशी. दर वर्षी नारळी पौर्णिमा झाली की तोच गौतमला न्यायला यायचा, आणि दोघं वेरावळची वाट धरायचे. मग थेट पावसाच्या तोंडावर बोटी किनाऱ्याला लागल्या की गौतम घरी. भाताची आवणी उरकायची, गळकं छप्पर शाकारायचं, आईच्या हातची नागलीची भाकर खायची, की पुन्हा सोन्या दारात. उज्ज्वलाला लग्नानंतर नवरा मिळाला तो फक्त पावसाळ्यातला. भिजलेला, चिखलानं भरलेला, जाण्याच्या घाईतला. हिवाळ्यात तो कसा दिसतो, उन्हात कुठं बसतो, थंडीनं कुडकुडतो की नाही, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं.

या वर्षी तेवढं कळलं. सासरे वारले त्याला वर्ष झालं, म्हणून रघूबाबाच्या दिवसाला गौतम मधेच बोटीच्या म्होरक्याची, तांडेलाची, परवानगी काढून आला होता. आठवड्यानं परत जाणार होता. पण खळ्यावर झोडणी चालू होती आणि त्याच्यानं बसवेना. भाताचे भारे खाली टाकायला उडवीवर, भाऱ्यांच्या उंच रचलेल्या ढिगावर, चढला, ओल्या पेंढ्यावरून पाय निसटला, आणि खाली सोडून ठेवलेल्या बैलगाडीच्या दांडीवर पोटावर येऊन आदळला. रक्ताचा थेंब नाही, खरचटणं नाही. उजव्या बरगडीखाली नुसता लालसर वळ. पण संध्याकाळपर्यंत तो पांढराफटक पडला. थोरल्या भावानं, तुळशीदासनं, त्याला नाशकाला नेलं. तिथं मशीनमध्ये फोटो काढले. यकृताला चीर गेली होती, आत रक्त सांडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोट उघडायची गरज नाही, निपचित पडून राहिला तर चीर आपली आपण भरेल. रोज रक्त तपासलं, रोज पोट दाबून पाहिलं. भरत आली, तसं घरी सोडलं. वजन उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, तीन महिने समुद्राचं नाव काढायचं नाही.

त्या दिवसांत उज्ज्वलाला नवरा सापडला. सकाळच्या उन्हात घोंगडी पांघरून तो ओट्यावर बसायचा. सैल झालेली खाट त्यानं जाळ्याच्या गाठी मारून अशी कसली, की बसल्यावर ती कुरकुरेनाशी झाली. पहाटे जाळं ओढायची वेळ झाली की त्याला आपोआप जाग यायची, मग तिलाही. अंधारात तो तिला सांगत राहायचा, पाण्यावर लांब दुसऱ्या बोटींचे दिवे कसे दिसतात, वादळ यायच्या आधी समुद्र कसा गप्प होतो. ती ऐकायची, आणि सांगताना त्याचा आवाज कसा बदलतो हेही ऐकायची. हा माणूस इथं पडलाय, पण इथं नाही, एवढं तिला कळत होतं.

आणि चार दिवसांपूर्वी घरामागच्या मोहाच्या झाडाला धरून, वाकून उभा असलेला तो तिला दिसला.

“काय झालं?”

“काय नाय. कळ आली. जाते आपली.”

मग नाइलाजानं सांगितलं. कळ बरगडीखालून येते, पिळून काढते आणि थांबते. दोनदा परसाकडं काळं झालं. “गोळ्या खातोय ना रक्ताच्या, त्यानं होतं. तू बोलू नको कोणाला. सोन्या न्यायला यायचाय. दादाला कळलं तर मला बांधून ठेवील.”

“डोळे बघ तुझे. पिवळे दिसतात.”

ते तर सासूलाही दिसलं होतं. गोदाबाईनं त्याच दिवशी मंगळूला बोलावलं. मंगळू झाडपाला द्यायचा, कावीळ उतरवायला त्याचा हात नावाजलेला. त्यानं मुळी उगाळून दिली, तेल-मीठ बंद केलं. दुसऱ्या दिवशी कळ थांबली, भूक लागली. गोदाबाई सगळ्या पाड्याला सांगत सुटली, मंगळूच्या हाताला गुण आहे म्हणून.

उज्ज्वला गप्प राहिली. बोललं तर तो थांबेल, एवढं सोपं होतं ते. पण तेच तिला टोचत होतं. आपण कशासाठी बोलणार? त्याला बरं वाटावं म्हणून, की तो जाऊ नये म्हणून? आपलं आपल्यालाच जे सांगता येत नाही, ते दुसऱ्यापुढं कसं मांडायचं?

*

गोदाबाईनं सोन्याला जेवायला वाढलं, पण पुन्हा वाढताना हात आखडता घेतला. हा पोरगा वाईट नव्हता. पण दर वर्षी हाच तिच्या लेकाला घेऊन जायचा, आणि दर वर्षी तिनं याला जेवायला घालायचं, याचा तिला आता वीट आला होता.

इतक्यात तुळशीदासची मोटारसायकल अंगणात शिरली. तो मोखाड्याच्या बाजूला आश्रमशाळेत मास्तर. आल्या आल्या चप्पलही न काढता म्हणाला, “गौतम, काम झालं. आमच्या शाळेत शिपायाची जागा आहे. हेडमास्तरांनी तुझं नाव घेतलंय. सोमवारी ये म्हणाले. बसून काम, घंटा वाजवायची, फाटक उघडायचं.”

गौतम खाटेवर बसून होता. हसला. “घंटा वाजवू?”

“मग काय वाईट आहे त्यात?”

“वाईट नाय रे दादा.”

सोन्यानं ताटातला हात थांबवला. “मास्तर, तांडेलानं रविवारपर्यंत जागा धरलीय याची. हा आला नाय तर दुसरा घेतील. एकदा दुसऱ्यानं पाय टाकला की पुढल्या वर्षी कोण विचारतो? बाहेर जीप उभी हाय. आमची पोरं बसलीत तिच्यात.”

“तीन महिने म्हणालेत डॉक्टर.”

“त्याला आम्ही जाळं ओढू देणार नाय. भात शिजवील. मासळी निवडील.”

“बोट हलते की नाही?” तुळशीदासचा आवाज चढला. “धक्का लागू द्यायचा नाही म्हणजे नाही! पुन्हा चीर उकलली, तर तिथं पाण्यात कोण डॉक्टर बसलाय?”

“दादा, मी बरा हाय,” गौतम म्हणाला. “कावीळ झाली होती, ती पण उतरली. आयेला विचार.”

गोदाबाईला दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी कळेना. लेक बरा आहे म्हणावं, तर तो निघाला. आजारी म्हणावं, तर मंगळूचं आणि आपलं नाव गेलं. शेवटी ती सुनेवर आली. “तू बोल की गं! तुझा नवरा चाललाय. मी म्हातारी किती वर्षं आडवी पडू? दर साली मीच रडायचं, आणि तू आपली भाकऱ्या बांधून द्यायची. तुला वाटत नाय काय?”

उज्ज्वला चुलीपाशी उभी होती. सगळे तिच्याकडं पाहत होते, आणि गौतमही. त्याच्या नजरेत धमकी नव्हती. विनवणी होती, आणि ती तिला सोसवेना. त्याचे ओठ किती पांढरे झालेत हे तिला आत्ता, दाराच्या उजेडात दिसलं.

“त्याला काळं होतंय,” ती म्हणाली. “परसाकडं. पडल्यापासून नाय, आता आता. आणि कळ येते. गुरासारखा वाकतो. काल परत झालं.”

 अशी गोष्ट पुरुषमाणसांपुढं बोलल्याची तिला लाजही वाटली नाही.

“तुला मी सांगितलं होतं,” गौतम हळू म्हणाला.

“सांगितलं होतंस.”

“लोहाच्या गोळ्यांनी काळंच होतं,” तुळशीदास म्हणाला. पण तो भावाजवळ जाऊन त्याचं तोंड न्याहाळू लागला होता.

गोदाबाई उसळली. “औषधानं उष्णता बाहेर पडते, मंगळू बोलला होता मला! आणि तू माझ्यापासून चोरून ठेवलंस? माझ्या घरात?”

“आई, मी—” उज्ज्वला बोलू लागली.

“थांबा जरा,” सोन्या म्हणाला. ताट बाजूला सारून तो उठला. “आमच्या पलीकडच्या बोटीवर एकाला पोटात रस्सीचा फटका बसला होता. रक्त नाय, काय नाय. झोप म्हटलं त्याला, बरा होशील. झोपला तो.” त्यानं हात धुतले, टॉवेलला पुसले. “गौतम, मी तुला नेत नाय.”

“सोन्या!”

“नाय नेत. तांडेलाला मी सांगतो.”

ज्याच्यावर भिस्त होती त्यानंच पाठ फिरवली. गौतम तिरमिरून उठला. काहीतरी बोलायला गेला, पण त्याचा हात बरगडीवर गेला, चेहरा वाकडा झाला, आणि तो गुडघ्यावर बसला. दारातल्या सारवणावर त्याला उलटी झाली. लाल. मग गाठी-गाठींची, आणखी लाल.

गोदाबाई किंचाळली नाही. तिनं पदर काढून त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. तुळशीदासनं भावाच्या काखेत हात घातला. सोन्या दारातूनच ओरडला, “उतरा रे सगळे! जीप मोकळी करा!”

*

जव्हारच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात सहलीची बस आडवी लागली होती. शिरपामाळ बघून आलेली पोरं, त्यातलं एक वांत्या करत होतं. तुळशीदासला आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या पोरांचा राग आला.

डॉक्टरीण तरुण होती. दिपिका तिचं नाव, येऊन वर्षही झालं नसेल. गौतमला पलंगावर घेतल्या घेतल्या तिनं त्याच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, मनगट धरलं, नर्सला दोन्ही हातांना सलाइन लावायला सांगितलं, आणि मग विचारलं, “कधीपासून?”

“कावीळ झालीय त्याला,” गोदाबाई म्हणाली. “उतरत होती.”

“आजी, डोळे पिवळे आहेत खरे. अंगात ताप होता?”

“नव्हता.”

“जेवण नकोसं व्हायचं?”

“नाय, जेवायचा की. कळ थांबली की जेवायचा.”

डॉक्टरीण थांबली. उजव्या बरगडीखाली तिनं बोटं ठेवली, गौतमनं दात आवळले. “याला कधी मार लागला होता का इथं? पडला होता?”

“महिन्याच्या वर झालं,” तुळशीदास म्हणाला. “यकृताला चीर गेली होती. पण ते बरं झालंय, मॅडम. नाशकाला फोटोत दिसलं, भरत आलंय म्हणून सोडलं.” जीपमध्ये बसताना घाईनं उचललेली फोटोची पिशवी त्यानं पुढं केली.

तिनं फोटो खिडकीकडं धरले. “त्याला परसाकडं काळं होत होतं,” उज्ज्वला म्हणाली, “लोहाच्या गोळ्यांनी म्हणतात.” डॉक्टरीण तिच्याकडं वळली. “तुम्ही पत्नी? काळं होत होतं म्हणालात. कसं काळं? चिकट होतं? डांबरासारखं?”

“हो.”

“घाण वास?”

“खूप. नेहमीचा नाय. वेगळा.”

“ते गोळ्यांचं नाही मग,” ती तुळशीदासला म्हणाली. “लोहानं काळं होतं, पण असं डांबर होत नाही. ते जिरलेलं रक्त आहे.”

तिनं त्यांना बाहेरच्या बाकावर आणलं आणि उभ्याउभ्याच समजावलं. भराभर बोलत होती, पण शब्द साधे होते. “वरची चीर भरलीय. नाशिकवाल्यांनी केलं ते बरोबरच. पण मार लागला तेव्हा यकृताच्या आत एका धमनीची भिंत फाटली असणार. शिरेतलं रक्त संथ वाहतं, धमनीतलं जोरात उसळतं. ते बाहेर येऊ बघतं, आजूबाजूचं मांस त्याला अडवतं, आणि तिथं रक्ताचा फुगा धरतो. हळूहळू, कळत नाही. तो शेजारच्या पित्ताच्या नळीत फुटला की रक्त नळीतून आतड्यात उतरतं. नळीत रक्ताची गाठ अडकली की कळ येते, पित्त तुंबतं आणि डोळे पिवळे होतात. गाठ सुटली की सगळं थांबतं, माणूस जेवायला लागतो. मग काळं होतं. मग पुन्हा.”

“म्हणजे मंगळूच्या मुळीनं—” गोदाबाई म्हणाली.

“आजी, मुळीनं कळ थांबली नाही, गाठ सरकली म्हणून थांबली. तुमची चूक नाही. हा आजार फसवतो. आजार्‍याला पण फसवतो.”

“मग आता पोट कापायचं?” तुळशीदासनं विचारलं.

“शक्यतो नाही. मुंबईला मोठ्या रुग्णालयात मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालतात. आतून आतून यकृतापर्यंत नेतात, आणि ती फाटलेली फांदी आतूनच बंद करतात. मी फोनवर बोलते, ते तयारीत राहतील. रक्त लागेल, तुमच्यापैकी धडधाकट असेल त्यानं बरोबर जावं. आमची गाडी आहे, नर्स देते.”

“वाटेत पुन्हा रक्त आलं तर?”

ती खोटं बोलली नाही. “येऊ शकतं. थोडं येऊन थांबेल, किंवा थांबणार नाही. इथं ठेवलं तरी तेच, आणि इथं माझ्याकडं ते बंद करायला काही नाही. म्हणून आत्ताच्या आत्ता.”

तुळशीदास मान हलवत राहिला. शाळेत पोरांना तो शरीराची रचना शिकवायचा. फळ्यावर यकृताचं चित्र काढायचा, तपकिरी खडूनं. त्या चित्रात धमनी असते की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना. त्यानं भावजयीकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्याशी सणावारापलीकडं त्याचं बोलणं नव्हतं. मनात एक राग होता, की ही याला थांबवत नाही, हिच्यात ओढून धरायची धमकच नाही. “तू आज बोललीस म्हणून,” एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला जमलं नाही. तिनं ऐकलं की नाही तेही कळलं नाही, ती खिडकीतून आत बघत होती.

आत गौतमला गाडीत घालायची तयारी चालली होती. गोदाबाई त्याच्या उशाशी गेली.

पहिल्या वर्षी तो वेरावळला निघाला तेव्हा तिनं त्याची पिशवी लपवली होती. दुसऱ्या वर्षी फाट्यापर्यंत मागं मागं गेली होती. रघू म्हणायचा, सोड त्याला, धरून ठेवलेलं वासरू दावं तोडतं. तिनं कधी सोडलं नाही. तो उडवीवरून पडला, नाशकाहून परत आला, खाटेवर पडून राहिला, तेव्हा देवानं ऐकलं असं तिला वाटलं होतं. रोज त्याच्यासाठी भात शिजवताना ती सुखानं गाणं गुणगुणायची, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घ्यायची, असं सुख मागतात का म्हणून.

“आये,” गौतम म्हणाला. ओठ सुकले होते. “इथंच राहू का? इथं तू हायस.”

आयुष्यभर तिला जे ऐकायचं होतं ते हेच होतं.

“नाय,” गोदाबाई म्हणाली. “जा तू. लवकर जा, पोरा. उशीर नको करू.” आणि नर्सवर ओरडली, “घ्या ना त्याला! बघत काय बसलाय?”

गाडी गेल्यावरही ती फाटकात उभी राहिली. सहलीची पोरं बसमधून तिच्याकडं बघत होती.

*

मुंबईला पोचेपर्यंत गौतमला एकदाच रक्त पडलं, ते आपोआप थांबलं. तुळशीदासनं रक्त दिलं. सोन्यानं दिलं. सकाळी त्याला एका थंडगार खोलीत अरुंद फळीवर निजवलं. बेशुद्ध करणार नव्हते. जांघेत सुई टोचली, तिथलं मांस बधिर झालं, आणि नंतर फक्त काहीतरी सरकतंय असं वाटत राहिलं.

“पोटात ऊन ऊन लागेल,” पडद्यामागून डॉक्टर म्हणाले. “घाबरू नका. हलू नका. श्वास धरा.”

ऊन लागलं. बाजूच्या मशीनच्या पडद्यावर काळ्या रेघा उमटल्या, एकातून दोन, दोनातून अनेक. खाडीचं पाणी भरतीला फाट्याफाट्यांतून आत शिरतं तसं. एका बारीक फाट्याच्या टोकाला गोल डबकं भरलं आणि भरलेलंच राहिलं.

“ते बघा,” डॉक्टर दुसऱ्या कोणाला तरी म्हणाले. “तिथं आहे.”

गौतम बघत राहिला. एवढंसं होतं ते. एवढ्याशासाठी आपण काय काय लपवलं. त्याला बोटीवरची एक गोष्ट आठवली, जी तो घरी कधी बोलला नव्हता. तिथं काम संपवून आडवं झालं की त्याला जामसर दिसायचं. चुलीचा धूर, ओट्यावर बसलेली आई, कपाळावर आलेले केस मनगटानं मागं सारणारी उज्ज्वला. अगदी रडू यायचं. आणि घरी आलं की चार दिवसांत पाणी दिसायला लागायचं. जिथं असू तिथून दुसरीकडचं दिसायचं. असा माणूस कोणाचाच होत नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

“आता बारीक तारेची गुंडाळी सोडतोय. श्वास धरा. धरा... सोडा.”

पुन्हा ऊन लागलं, पुन्हा रेघा भरल्या. त्या फाट्याच्या तोंडाशी पाणी थांबलं. पलीकडचं डबकं दिसेना.

“गेलं,” डॉक्टर म्हणाले.

*

“पाय सरळ राहिला पाहिजे,” वॉर्डातल्या नर्सनं उज्ज्वलाला बजावलं. “धमनीतून नळी घातली होती, तिथं आत्ताशी दाबून रक्त थांबवलंय. गुडघा वाकवला तर तिथून सुटेल. झोपेत माणूस वाकवतो. तुम्ही हात ठेवून बसा. मी सांगेन तेव्हा सोडा.”

उज्ज्वला पलंगाला लागून स्टुलावर बसली आणि उजवा तळवा तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवला. दुपार झाली. तुळशीदास व्हरांड्यात भिंतीला टेकून झोपला होता. गौतमला डोळा लागे, पाय ओढला जाई, ती दाबून धरी, तो जागा होई.

“सोन्या कुठाय?”

“गेला. सकाळीच, तुला आत नेलं तवा. वेरावळची गाडी होती.”

“माझी जागा?”

“वाटेतनं फोन केला होता त्यानं. दुसरा घेतला म्हणाले.”

गौतमनं तोंड पलीकडं केलं. मग म्हणाला, “डोळे कसे दिसतात?”

“पिवळेच हायत अजून. उतरेल म्हणाले हळूहळू.”

“तू सांगितलं नसतंस तर मी आज बोटीवर असतो.”

“बोटीवर असतास, पण कसा असतास?”

 शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकत होता, त्याची सून त्याला पाणी पाजत होती.

“मला रागव तू,” उज्ज्वला म्हणाली. “मला चालेल. मी चार दिवस गप्प बसले, कशासाठी ठाऊक हाय? मला वाटायचं, मी सांगितलं तर ते तुझ्यासाठी नसेल. माझ्यासाठी असेल. तू राहावास म्हणून. सगळ्यांपुढं बोलले तवाही मला कळत नव्हतं, मी याला वाचवते का याला धरून ठेवते.”

“दोन्ही एकच झालं ना.”

“एक नाय,” ती म्हणाली. “एक कसं होईल?”

गौतमनं तिच्याकडं पाहिलं. दिवसाच्या उजेडात, इतक्या जवळून, घाई नसताना पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. काल घातलेल्या लुगड्यावर त्याच्या उलटीचा डाग वाळून तपकिरी पडला होता, तो तिनं धुतला नव्हता. कुठं धुणार?

“पाऊस सरला की जाशील?” तिनं विचारलं. “बरा झालास की. दुसऱ्या बोटीवर.”

त्याला नाही म्हणता आलं असतं. शाळेची घंटा, फाटक, दादाचा हेडमास्तर, सगळं तोंडाशी होतं. तिनंही ते ऐकून घेतलं असतं, आणि दोघांनाही ते खरं नाही हे माहीत असतं.

“जाईन,” तो म्हणाला.

उज्ज्वलानं मान हलवली. रडली नाही. त्यानं खरं सांगितलं याचा तिला आधारच वाटला, आणि तेच तिला लागलंही. पाऊस सरायला अजून पुष्कळ वेळ होता. फाल्गुन होता, चैत होता. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते, करवंदं पिकायचे दिवस होते. तिनं ते कधी त्याच्याबरोबर पाहिले नव्हते. तेवढे आहेत, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेवढे तर आहेत.

त्याला पुन्हा डोळा लागला. ती हात दाबून बसली. तळव्याखाली त्याच्या गुडघ्याची वाटी होती, ऊन, हाडाची. वाटी थोडी हलली की उज्ज्वलाचा हात तिच्याबरोबर हले. बोटं बधिर झाली, तिनं हात बदलला नाही.

संध्याकाळचे दिवे लागले तशी नर्स आली. जांघेतली पट्टी उचकून पाहिली, पावलावर दोन बोटं ठेवून ठोके बघितले, समाधानानं मान डोलावली.

“छान आहे. बाई, आता सोडा त्यांचा पाय. वाकवू द्या.”

उज्ज्वलानं हात उचलला. जिथं तळवा होता तिथली कातडी घामानं ओलसर होती, पांढरी पडली होती.

गौतम जागा होता. पाय त्यानं तसाच ठेवला, सरळ.

“वाकव की,” ती म्हणाली. “सोडला मी.”

“राहू दे,” तो म्हणाला. “राहू दे जरा तसाच.”